दळण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ब्लॉगवर धूळ बसली होती, दोघातिघांनी फोन करून "बंद केलास का रे?" असंही विचारलं. बंद नाही केला, फक्त आळस. असो.

गेल्या महिन्यात ताईकडे नाशिकला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याचा प्रोजेक्ट आहे उपग्रहाच्या चित्रांवरून द्राक्षबागा ओळखण्याचा. त्याने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल रास्टेरिओ' एवढं टाइप केलं, आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत काम झालेलं होतं. मी बघतच राहिलो. २०११ साली जवळपास याच कामासाठी मी चार दिवस घालवले होते, आणि तरीही ते झालं नव्हतं. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "चार दिवस? नेट स्लो होतं का मामा?"

नेट स्लो होतंच. पण कारण ते नव्हतं. त्या चहाच्या कपामागे जवळजवळ वीस वर्षांची गोष्ट आहे, ती त्याला तेव्हा नीट सांगता आली नाही, म्हणून इथे लिहून काढतोय.

(मावशी आणि इतर बिगर-संगणकवाली मंडळी, आधी तुमच्यासाठी थोडं. बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही.) पायथन ही भाषा लिहायला सोपी, पण धावायला हळू. म्हणून जड आकडेमोड ती स्वतः करतच नाही. सी आणि फोर्ट्रानसारख्या भाषांत लिहिलेल्या लायब्ररींकडून ती करून घेते आणि वर मिरवते स्वतः. या लायब्ररी मूळ रूपात माणसाला वाचता येतात, यंत्राला नाही. यंत्रासाठी त्या कंपाइल कराव्या लागतात. म्हणजे घरात गहू आहे, पण दळून आणल्याशिवाय पोळी नाही. कंपायलर ही ती गिरणी. आणि गोम अशी की एका घरचं पीठ दुसऱ्या घरी चालतंच असं नाही. विंडोजसाठी दळलेलं लिनक्सला चालत नाही, ३२ बिटांचं ६४ बिटांच्या पायथनला चालत नाही, आणि पायथन २.६ साठी दळलेलं २.७ लाही चालत नसे.

गहू मात्र उत्तम आणि जुना. बीएलएएस नावाचा आकडेमोडीचा फोर्ट्रान संच १९७९चा, त्यावर उभा असलेला लॅपॅक १९९२चा. पायथन जगासमोर आली १९९१ साली. १९९५ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या जिम ह्युगुनिनने 'न्यूमेरिक' लिहिलं आणि आकड्यांचे मोठे तक्ते पायथनमधून हाताळता येऊ लागले. २००१ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पेआरू पीटरसन या तिघांनी 'सायपाय' आणलं. त्यातला पीटरसनचा मोठा वाटा म्हणजे फोर्ट्रानचा कोड पायथनला जोडून देणारं एफटूपाय हे साधन. म्हणजे दुकानात बसणारा पोरगा नवा आणि तरतरीत, आत राबणारे आजोबा जुनेच.

पण हे सगळं लोकांच्या घरी पोचवायचं कसं, याचा विचार बराच उशिरा झाला. १९९८च्या सुमारास ग्रेग वॉर्डने 'डिस्टयुटिल्स'चं काम हाती घेतलं आणि २००० साली ते पायथनबरोबरच मिळू लागलं. 'सेटअप डॉट पीवाय' ही फाइल तेव्हापासूनची. पद्धत सरळ होती: गहू पाठवायचा, सोबत कृती पाठवायची, दळण ज्याचं त्याने करायचं. युनिक्सवाल्यांना यात काही गैर वाटलं नाही, कारण त्यांच्या घरोघरी गिरणी होती. ते आपले एका कमांडवर सुखात होते. विंडोज वापरणाऱ्यांच्या घरी गिरणी नव्हती. आणि आम्ही सगळे विंडोज वापरणारे.

२००३ मध्ये रिचर्ड जोन्सने पॅकेजची सार्वजनिक यादी उभी केली, आज जिला 'पायपीआय' म्हणतात ती. तिचं लाडकं नाव 'चीज शॉप'. पायथन हे नाव सापावरून नाही, मॉन्टी पायथन या इंग्लिश विनोदी मंडळावरून आलेलं, आणि त्यांचं एक प्रसिद्ध प्रहसन आहे: गिऱ्हाईक चीजच्या दुकानात येतो, एकामागून एक चीजची नावं घेतो, आणि दुकानात एकही चीज नसतं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण सुरुवातीला त्या यादीत खरंच फाइली नव्हत्या, नुसती नावं आणि पत्ते! पुढे २००४ मध्ये फिलिप एबीने 'एग' आणलं. त्यात दळलेलं पीठ भरून पाठवायची सोय होती, पण ते सगळीकडे सारखं रुजलं नाही. २००८ मध्ये आलेल्या 'पिप'ने तर अंड्यांना हात लावायचंच नाकारलं.

तर २०११. माझा एम.टेक.चा प्रोजेक्ट, विंडोज ७, ६४ बिटांचा नवा लॅपटॉप (बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलेला), आणि मला हवं होतं 'जीडॅल'. नकाशे आणि उपग्रहचित्रांचे असंख्य फॉरमॅट वाचणारी ही सी प्लस प्लसमधली लायब्ररी. आज्ञा दिली की थोडा वेळ अक्षरं धावायची आणि मग एकच ओळ यायची: 'व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट' सापडत नाही. ज्यांनी त्या काळात विंडोजवर पायथन वापरलं त्यांच्या पोटात हे नाव वाचूनही गोळा आला असेल. अर्थ एवढाच, की बाबा रे, तुझ्याकडे गिरणी नाही. आणि गिरणीही कुठलीही चालत नव्हती. पायथन २.६ आणि २.७ मायक्रोसॉफ्टच्या २००८च्या कंपायलरवर तयार झालेले, तर जोडायची लायब्ररीही त्याच कंपायलरवर दळलेली हवी. नवा कंपायलर घेतला तर खडा लागणार. मी एका मित्राकडून सीडी आणली, चार गिगाबाइट जागा रिकामी केली, गिरणी बसवली. मग कळलं की जीडॅलला आधी 'प्रोज' हवं, 'जिओस' हवं, आणि त्यांचंही दळण आपणच टाकायचं. चौथ्या दिवशी रात्री सगळं दळून झालं, पायथन उघडलं, 'इम्पोर्ट' लिहिलं, आणि खिडकी काही न बोलता बंद झाली. मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसलो. प्रोजेक्टचा विषय बदलून मागावा असं पत्र मनात तयार केलं.

मला वाचवलं क्रिस्टोफ गोल्के यांनी. हे अमेरिकेतल्या अर्व्हाइन इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, प्रकाशदीप्तीचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेतले संशोधक. त्यांनी विंडोजसाठी पायथनची पॅकेजेस स्वतः कंपाइल करून एका साध्या, रंग नाही की चित्र नाही अशा पानावर मांडून ठेवली होती. शेकडो पॅकेजेस. प्रत्येक ३२ बिटांसाठी, ६४ बिटांसाठी, पायथनच्या प्रत्येक चालू आवृत्तीसाठी वेगळं. वर सूचना: हे अनधिकृत आहे, कसलीही हमी नाही, फक्त चाचणीपुरतं. जगभरचे विद्यार्थी, प्रयोगशाळा आणि कंपन्या त्या 'चाचणीपुरत्या' पिठावर वर्षानुवर्षं पोळ्या लाटत होत्या. मी फाइल उतरवली, दोनदा क्लिक केलं, जीडॅल चालू झालं. प्रोजेक्टच्या अहवालात मी गाइडचे आभार मानले, आईबाबांचे मानले, मेसच्या काकांचेही मानले. गोल्केंचे नाही मानले. सुचलंच नाही! कुणाकडून काही घेतलंय असं वाटलंच नाही, वेबसाइटवरून फाइल तर घेतली होती.

एका माणसाच्या चिकाटीवर एवढं जग चालणं हे काही बरं लक्षण नव्हतं, हे जाणत्यांना कळत होतं. २०१२च्या मार्चमध्ये गूगलच्या आवारात पायडेटाची पहिली बैठक झाली, तिथे वैज्ञानिक मंडळींनी खुद्द गिडो व्हॅन रॉसम यांच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं. त्यांचं म्हणणं साधारण असं पडलं की तुमच्या गरजा इतक्या निराळ्या आहेत की तुम्ही तुमची वेगळी सोय केलेली बरी. यात तुच्छता होती असं मला वाटत नाही, फोर्ट्रानची उठाठेव भाषेच्या कर्त्याने का करावी? ऑलिफंट आणि पीटर वाँग यांच्या कंपनीने त्याच वर्षी 'कोंडा' काढलं. त्यात पायथनसकट सगळं दळलेलं, एकाच छताखाली. फार उपयोगी पडलं, पण घराची वाटणी झाली ती झालीच. एका चुलीवरचं दुसरीवर आणून ठेवायला गेलं की आजही भांडी आपटतात.

मूळ घरात उपाय निघाला तो 'व्हील'. डॅनियल होल्थच्या या प्रस्तावाला २०१३च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली. व्हील म्हणजे चाक खरं, पण इथे चीजचं गोल चाक, कारण दुकान चीजचं ना! तांत्रिकदृष्ट्या ती एक झिप फाइल. हुशारी आहे नावात: कुठल्या पायथनसाठी, कुठल्या बांधणीसाठी, कुठल्या यंत्रासाठी हे फाइलच्या नावातच लिहिलेलं. डब्यावर चिठ्ठी लावावी तसं. पिपने नुसती चिठ्ठी वाचायची आणि बरोबर डबा उचलायचा. विंडोज आणि मॅकची सोय झाली. गंमत म्हणजे आता अडले लिनक्सवाले, घरोघरी गिरणी असलेले. लिनक्स एक नाहीच, डेबियन वेगळं, फेडोरा वेगळं, कुणाची कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची याचा भरवसा नाही. म्हणून लिनक्सची दळलेली चाकं पायपीआयवर चढवायलाच बंदी होती.

यावरचा तोडगा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. रॉबर्ट मॅकगिबन आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी २०१६च्या जानेवारीत 'मेनीलिनक्स' मांडलं. जीलिबसी नावाची लिनक्सची मूळ लायब्ररी असा नियम पाळते की जुन्या आवृत्तीवर दळलेलं नव्या आवृत्तीवर चालतं, उलट चालत नाही. मग दळायचं कुठे? सापडेल त्या सर्वांत जुन्या घरी. त्यांनी सेंटओएस ५ निवडलं, २००७ सालचं, जीलिबसी २.५ वालं. आजीला कळेल असं बोललं की घरातल्या सगळ्यांना कळतं, तसं. ही युक्ती वैज्ञानिक पायथन विकणाऱ्या दोन कंपन्या आधीपासून वापरत होत्या, या दोघांनी ती नियमात बसवली. मूळच्या मोजक्या लायब्ररी सोडून जे काही लागेल ते चाकाच्या आतच भरायचं. ते भरायला 'ऑडिटव्हील' नावाचं साधन. मार्चमध्ये पिप ८.१ आलं आणि लिनक्सवरही डबे पोचू लागले.

सायपायचं घोडं विंडोजवर मात्र अजून अडलेलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरशी ६४ बिटांवर जुळणारा फुकट फोर्ट्रान नव्हता. ते २०१७च्या ऑक्टोबरमध्ये सुटलं आणि त्याच आवृत्तीला सायपाय १.० म्हणायचं त्यांनी ठरवलं. २००१च्या ०.१ पासून सोळा वर्षं! विंडोजवर सहज बसतं हे पहिलं पूर्ण अंकाचं एक कारण म्हणून त्यांनी स्वतः सांगितलं, तेव्हा मला ती गच्ची आठवली.

आता याची किंमत. प्रत्येक चाकात स्वतःचा शिधा म्हटल्यावर एकाच लायब्ररीच्या दहा प्रती एका यंत्रात नांदायला लागल्या. पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी-२ ने २०१७ मध्ये चाकं काढली, तर त्यातली एसएसएलची प्रत आणि पायथनने वापरलेली प्रत यांचं आपसात जमेना, चालते प्रोग्रॅम कोसळू लागले. २०१८ मध्ये त्यांनी दळलेल्या पॅकेजला वेगळं नाव दिलं आणि गंभीर कामाला घरीच दळा असं सुचवलं. आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत घातक भोक सापडलं. लिनक्सच्या वितरणांनी ती लायब्ररी एकदा बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं सुधारलं. पण पायथनच्या 'पिलो'च्या चाकात तिची स्वतःची प्रत होती. पिलोवाल्यांना नवी आवृत्ती काढावी लागली, त्यांनी ती त्याच महिन्यात काढलीही. पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या डब्यात किडकं पीठ तसंच. पूर्वी माझे चार दिवस जायचे, आता ते कुणा दुसऱ्याचे जातात, बहुतेक वेळा पगार नसलेल्याचे.

गोल्केंच्या प्रयोगशाळेचा निधी संपला आणि २०२२ मध्ये ते पान बंद होणार अशी सूचना लागली. मला ती कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या दुव्यावर दिसली. मेल लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या, अकरा वर्षांनी हे काय म्हणून ड्राफ्टमध्ये ठेवला. नंतर कळलं की नकाशांच्या पॅकेजेसची चाकं त्यांनी गिटहबवर ठेवायला सुरुवात केली होती. त्यात जीडॅल आहे.

भाच्याला मी त्या रात्री पायथनचं फोल्डर उघडून दाखवलं. 'रास्टेरिओ डॉट लिब्स' नावाची पेटी, आत जीडॅल, प्रोज, जिओस, सगळे माझे जुने शत्रू हारीने बसलेले, प्रत्येकाच्या नावामागे आठ-दहा अर्थहीन अक्षरांची शेपटी. "ही शेपटी कशाला?" त्याने विचारलं. शेजारी 'शेपली'ची पेटी होती, तीही उघडली. त्यातही जिओस, शेपटी निराळी.

"म्हणजे एकच गोष्ट दोनदा आहे?"

"हो. एकमेकांत मिसळू नये म्हणून शेपटी."

तो थोडा वेळ बघत होता. मग म्हणाला, "आणि हे भरतं कोण?"

मी मोबाइल काढून ड्राफ्ट शोधायला लागलो. तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली.