सदाफुलीचें पान आणि मधुमेह

सदाफुली ज्यास ठाऊक नाहीं असा वाचक महाराष्ट्रांत विरळाच. उन्हाळा असो कीं पावसाळा, कुंपणाच्या कडेस हें झाड आपलें फुलतच असतें. गुरेंही त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. मूळचें तें मादागास्कर बेटांतलें; पण सर्व उष्ण प्रदेशांत पसरलें, आणि अनेक देशांत मधुमेहावरील घरगुती औषध म्हणून त्याच्या पानांची ख्याति झाली. आमच्याकडेही मधुमेहाचे कित्येक रोगी सकाळीं अनशापोटीं हीं पानें चावून खातात. ह्या ख्यातीची प्रयोगशाळेंत परीक्षा झाली तेव्हां काय निष्पन्न झालें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या कथेचा धागा इन्शुलिनच्या शोधापर्यंत मागें जातो. १९२१ सालच्या उन्हाळ्यांत टोरांटो येथें बँटिंग ह्यानें कुत्र्यांवर जे प्रयोग आरंभिले, त्यांत आधीं मदतनीस कोणीं व्हावें हें बेस्ट आणि क्लार्क नोबल ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं नाणें उडवून ठरविलें व कौल बेस्टला मिळाला, असें सांगतात. पुढें १९५२ सालीं ह्याच क्लार्क नोबलकडे जमेका बेटांतून एका पाकिटांत सदाफुलीचीं सुमारें २५ पानें आलीं. इन्शुलिन मिळेनासें झालें म्हणजे तेथील लोक ह्या पानांचा काढा घेतात, असें त्यास कळविण्यांत आलें होतें. त्यानें तीं पानें आपला भाऊ रॉबर्ट ह्याजकडे पाठविलीं. रॉबर्ट नोबल हा कॅनडांतीलच लंडन नांवाच्या शहरीं, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठांत संशोधन करीत असे.

त्यानें पानांचा अर्क उंदरांस तोंडावाटे दिला. रक्तांतील साखर कांहीं उतरली नाहीं. पुढें अर्क टोचून शिरेंत घातला, तेव्हां आठवड्याभरांतच उंदीर मरूं लागले. मधुमेहाचा प्रश्न एवढ्यावर निकालांत काढून पानें केरांत टाकणारा संशोधक कांहीं चुकला असें कोणी म्हटलें नसतें. परंतु साखर उतरली नाहीं, तर मग हे प्राणी मेले कशानें, असा दुसरा प्रश्न नोबलनें स्वतःस विचारला. मेलेल्या उंदरांच्या शरीरांत जागोजाग गळवें झालेलीं आढळलीं. रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या होत्या. त्या जेथें निर्माण होतात ती अस्थिमज्जाच अर्कानें दबून गेली होती, आणि त्यामुळें साध्या जंतूंनींही त्यांचा बळी घेतला होता.

जें द्रव्य पांढऱ्या पेशींची वाढ रोखतें, तें त्यांची बेसुमार वाढ होणाऱ्या रोगांत कां उपयोगीं पडूं नये? १९५४ सालीं चार्ल्स बीअर हा रसायनज्ञ नोबलला येऊन मिळाला, आणि पाल्याच्या राशींतून अत्यल्प प्रमाणांत हातीं येणारें व्हिन्ब्लास्टिन त्यानें वेगळें केलें. १९५८ सालीं हें संशोधन जाहीर झालें. त्याच सुमारास अमेरिकेंतील एली लिली कंपनीचे संशोधकही, मधुमेहाची तीच लोकवार्ता ऐकून ह्याच झाडाकडे वळले होते. रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर ह्या अर्कानें अधिक दिवस जगतात असें त्यांस दिसून आलें. त्यांच्या प्रयत्नांतून व्हिन्क्रिस्टिन हें दुसरें औषध निघालें, व १९६३ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत तें आजही वापरलें जातें.

मग लोकवार्ता सर्वस्वीं खोटीच होती काय? तसेंही म्हणवत नाहीं. २००३ सालीं भारतीय संशोधकांनीं ताज्या पानांचा रस सशांस पाजून पाहिला, तेव्हां निरोगी सशांच्या आणि अलॉक्सन देऊन मधुमेही केलेल्या सशांच्याही रक्तांतील साखर कमी झालेली आढळली. प्राणी बदलला, अर्क काढण्याची रीत बदलली, मात्रा बदलली, म्हणजे उत्तरही बदलूं शकतें. परंतु सशाची साखर कांहीं तास उतरणें आणि माणसाचा मधुमेह वर्षानुवर्षें आटोक्यांत राहणें, ह्यांत फार मोठें अंतर आहे.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजुतीस हंसूं नये. ती नसती तर हीं पानें प्रयोगशाळेपर्यंत पोंचलींच नसतीं. पण तिच्यावर विसंबून राहणेंही इष्ट नव्हे. अंगणांतल्या पानांत कोणतें द्रव्य किती आहे हें खाणारास कळण्याचा मार्ग नाहीं, आणि कर्करोगाच्या पेशींस आवरणारीं द्रव्यें त्याच पानांत आहेत. पानें चावून इन्शुलिन सोडून देणारा रोगी, ज्या प्रश्नाचें उत्तर उंदरांनीं आणि सशांनीं अर्धवटच दिलें, त्याचा प्रयोग स्वतःच्या देहावर करीत असतो. नोबलचे उंदीर मेले कशानें, हें निदान कोणीतरी पाहिलें. घरांतल्या घरांत चाललेल्या ह्या प्रयोगाची नोंद ठेवणारा कोणीच नसतो.