तेवीस नंबरची बॅटरी

परवा मावशीचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तिने मधेच विचारलं, "तू त्या डेटा सेंटरमध्ये नक्की करायचास तरी काय रे?"

मी म्हटलं, "लोडशेडिंगच्या काळात तुझ्याकडे इन्व्हर्टर होता ना? तसलाच, पण खोलीएवढा मोठा सांभाळायचो. त्याला यूपीएस म्हणतात."

"मग त्यात सांभाळायचं काय? लाईट गेली की तो चालू होणार."

"आणि नाही झाला तर?"

"मग कोणीतरी चुकलं असणार," मावशी म्हणाली आणि तिने विषय बदलला.

तिच्या डोक्यातून ते वाक्य केव्हाच गेलं असेल, माझ्या डोक्यातून मात्र जाईना. म्हणून हे लिहायला बसलोय.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. घरचा इन्व्हर्टर लाईट गेल्यावर चालू होतो, त्यामुळे दिवा क्षणभर मिचकावतो. दिव्याला ते चालतं, सर्व्हरला चालत नाही. म्हणून मोठ्या यूपीएसमध्ये बाहेरून आलेल्या एसी विजेची आधी डीसी करतात आणि त्या डीसीची पुन्हा एसी. बॅटऱ्या या दोहोंच्या मध्ये कायमच्या जोडलेल्या असतात. बाहेरची वीज गेली तरी पुढे काही कळत नाही. दहा-पंधरा सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होतो आणि बॅटऱ्या पुन्हा आराम करतात. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस त्यांना कामच नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

आता जरा मागे जाऊ. २४ जुलै २००७. सॅन फ्रान्सिस्कोत दुपार होती, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मी रात्रपाळीला होतो आणि खरं सांगायचं तर ब्लॉग वाचत बसलो होतो. अचानक लाइव्हजर्नल उघडेना. टाइपपॅड उघडेना. टेक्नोरातीही गेलं. मला वाटलं आमचंच नेट गेलं, पण बाकीच्या साइट्स तर व्यवस्थित चालू होत्या. त्या काळात ब्लॉग लिहिणाऱ्यांना ती रात्र आठवत असेल.

नंतर कळलं की या सगळ्यांचे सर्व्हर एकाच इमारतीत होते. इमारतीचा पत्ता हेच त्या डेटा सेंटरचं नाव, ३६५ मेन. शहरातली वीज गेली आणि इमारतीच्या काही भागात अंधार झाला. गंमत म्हणजे, एका ग्राहकाची सेवा आपल्याकडे दोन वर्षं एकदाही खंडित झालेली नाही असं पत्रक त्यांनी नेमकं त्याच दिवशी काढलं होतं!

दोन तासांत एका चटपटीत बातम्या देणाऱ्या साइटने छापलं की तिथल्या एका दारू प्यायलेल्या कर्मचाऱ्याने धुडगूस घालून सर्व्हर बंद पाडले. मी ती बातमी वाचली, खो खो हसलो आणि ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवून दिली. ती साफ खोटी निघाली. ती खोटी होती असं कळवणारी मेल मी कोणालाही पाठवली नाही.

खरं काय घडलं होतं ते त्याहून फार मनोरंजक आहे. त्या इमारतीत बॅटऱ्यांवर भिस्त नव्हती. तिथे अवजड चाकं कायम फिरत ठेवलेली होती. वीज गेली की चाकाच्या गतीतूनच काही सेकंद वीज मिळते आणि तेवढ्यात डिझेल इंजिनाने सुरू होऊन भार उचलायचा, अशी योजना. अशी दहा जनरेटर होती. आठ पुरेशी होती, दोन राखीव. म्हणजे दोन रुसली तरी चालणार होतं. त्या दिवशी तीन रुसली. आठपैकी तीन दालनं सुमारे पाऊण तास बंद पडली.

तीन इंजिनं एकदम का बंद पडावीत? नेहमीच्या चाचण्या तर होत होत्या. मग तज्ज्ञ बसले आणि त्यांनी तीच इंजिनं पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहिली, कित्येक दिवस, दोष आपल्या डोळ्यांसमोर घडेपर्यंत. शेवटी सापडलं ते असं. इंजिन कोणत्या क्षणी किती डिझेल घेईल हे ठरवणारा एक छोटा कंट्रोलर असतो. इंजिन बंद झालं की त्याने आपली स्मृती पुसून कोरी करायला हवी. एका सेटिंगमुळे ती नीट पुसली जात नव्हती. मागच्या वेळची चुकीची माहिती तशीच पडून राहायची आणि पुढच्या वेळी सुरू होताना इंजिन अडखळायचं.

म्हणजे कोणी दारू प्यायलं नव्हतं, कोणी धुडगूस घातला नव्हता. पण ही गोष्ट समजायला चाचण्या घ्याव्या लागल्या आणि दारुड्याची गोष्ट रचायला दोन तास पुरले.

हे सगळं वाचून मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

२००९ चा पावसाळा. नवी मुंबईतलं आमचं लहानसं डेटा सेंटर. (नाव विचारू नका.) संध्याकाळी वीज गेली. जनरेटर बाराव्या सेकंदाला वेळेवर आला. पण यूपीएस, ज्याने पंधरा मिनिटं तग धरायला हवी होती, दुसऱ्याच सेकंदाला बसला. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचा जो अखंड घोंघाट असतो तो थांबला. ज्यांनी ती शांतता ऐकली आहे त्यांनाच कळेल पोटात कसा गोळा येतो ते.

सगळं परत उभं करायला पहाट झाली. आणि सकाळी साहेबांना अहवाल हवा होता.

आमच्याकडे चाळीस बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी बारा व्होल्टच्या, एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या. मी मल्टीमीटर घेऊन एकेक तपासली. सगळ्या साडेतेराच्या आसपास. एकदम छान! मग बॅटऱ्या चांगल्या, यूपीएस चांगला, तर बिघडलं काय? आदल्या दिवशी दुपारी बॅटऱ्यांच्या खोलीत कोण गेलं होतं? बॅटरीवाले काका. कंत्राटदाराकडचे, साठीला आलेले, दर महिन्याला येऊन टर्मिनल पुसणारे, नट आवळणारे. काम करताना ते बॅटरीचा ब्रेकर पाडायचे. तो परत वर करायला विसरले असणार आणि रात्रीच्या धावपळीत आमच्यापैकीच कोणीतरी तो वर केला असणार. मी तसं लिहिलं. 'मानवी चूक' हे दोन शब्द लिहिले की अहवाल कसा पूर्ण झाल्यासारखा वाटतो! चाळीस जणांना मेल गेली. दुसऱ्या दिवसापासून काकांना आमच्या गेटवर प्रवेश बंद.

इथे बॅटरीचा थोडा इतिहास सांगायला हवा. शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल यांची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली केली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी प्लेटवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची युक्ती काढली आणि ती मोठ्या प्रमाणावर बनवता येऊ लागली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये याच बॅटऱ्यांच्या रांगा असत, म्हणूनच लाईट गेली तरी लँडलाईन चालायची. त्या बॅटऱ्या उघड्या असत. माणूस झाकण काढून आत बघायचा, डिस्टिल्ड वॉटर घालायचा, हायड्रोमीटर बुडवून आम्लाचा दाटपणा मोजायचा. पुढे १९७० नंतर सीलबंद बॅटऱ्या पसरल्या. पाणी घालायला नको, वास नको, कटकट नको. जाहिरातीत 'मेंटेनन्स फ्री'. कटकट गेली आणि तिच्याबरोबर आत डोकावायची सोयही गेली.

उरतं फक्त व्होल्टेज, आणि ते फसवतं. बॅटरी नुसती चार्जिंगवर असते तेव्हा तिच्यातून नाममात्र करंट जातो. आत पाणी सुकलेलं असो, जाळी कुजलेली असो, मीटर साडेतेराच दाखवतो. गोठ्यात उभा असलेला बैल लंगडा आहे का हे कसं कळणार? नांगराला जुंपल्यावरच कळतं. आणि साखळीतली एक गेली की उरलेल्या एकोणचाळीस कितीही धडधाकट असल्या तरी उपयोग नाही.

अकराव्या दिवशी कंत्राटदाराचा इंजिनीअर लोड बँक घेऊन आला. लोड बँक म्हणजे भलामोठा हीटर, बॅटऱ्यांना खराखुरा भार द्यायला. स्विच टाकला, मी मीटर धरून रांगेने निघालो. बारा पॉइंट एक, बारा पॉइंट दोन, बारा... आणि तेवीस नंबरवर मीटर कोसळला. तीन व्होल्ट! भार काढला, पुन्हा साडेतेरा, जणू काही झालंच नाही. आम्ही तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

ब्रेकर कोणी विसरलं नव्हतं. मीच रचलेली गोष्ट होती ती.

मग मी बॅटऱ्यांच्या खोलीतलं रजिस्टर काढलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं. चार महिन्यांपूर्वीच्या पानावर काकांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती, '२३ नं. हाताला गरम लागते. बदलावी.' त्यापुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ. दोन्हींच्या खाली 'पाहिले' असं लिहून सही केलेली होती. सही माझी होती.

त्या सहीकडे मी किती वेळ बघत बसलो होतो आठवत नाही.

दुरुस्त केलेला अहवाल मी पाठवला. त्यात रजिस्टरबद्दलही लिहिलं, एवढं बरं केलं. पण पहिली मेल चाळीस जणांना गेली होती, ही सहा जणांना गेली. "आता सगळ्यांना कशाला परत?" असं साहेब म्हणाले आणि मी मान हलवली. गेट उघडलं, पण तोवर कंत्राटदाराने काकांना दुसऱ्या साइटवर टाकलं होतं.

मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजची यंत्रणा कोलमडली आणि ७५ हजार प्रवासी अडकले. एका इंजिनीअरने वीजपुरवठा तोडला आणि तो बेताल पद्धतीने परत जोडला म्हणून नुकसान झालं, असं त्यांच्या मूळ कंपनीचे प्रमुख विली वॉल्श म्हणाले. असेलही तसं. पण ती बातमी वाचताना मी हसलो नाही आणि कोणाला पाठवलीही नाही. एका माणसाच्या हाताने एवढं सगळं पडू शकत असेल, तर ते तसं उभं कोणी केलं होतं, हा प्रश्न मला आता आधी पडतो.

काकांना मी फोन केला होता. नंबर मिळवायला आठवडा लागला. माफी कशी मागायची याची तयारी करून ठेवली होती. मी अडखळत सुरुवात केली, "काका, ती बॅटरीच खराब होती..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"कितवी?"

"तेवीस."

"बरोबर. खालच्या रॅकची, भिंतीकडची. तिथं हवा लागत नाही, साहेब. चोवीस पण बघून घ्या, ती पण तापत असेल."

दहा अंश तापमान वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. काकांनी ते हात लावून शोधलं होतं. चोवीस नंबरही आम्ही त्याच आठवड्यात बदलली.

माफी मागायची राहिलीच. त्यांनी "ठीक आहे, ठेवतो" म्हणून फोन ठेवला.

असो. मावशी, तू हे वाचशीलच. कोणीतरी चुकलं होतं हे तुझं म्हणणं बरोबर आहे. फक्त ते कोण, हे शोधायला मला अकरा दिवस लागले.