पांगाऱ्यापासून थर्माकोलपर्यंत

पांगाऱ्याचं लाकूड धड जळणाला चालत नाही, की घराच्या तुळईला. काटेरी झाड; होळीच्या सुमारास लालभडक फुलतं. त्याचा वाळलेला, मांडीएवढा जाड ओंडका दहा वर्षांचं पोर खांद्यावर टाकून पळू शकतं, इतकं ते लाकूड हलकं. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात या लाकडाला एका कामात मोठा मान होता. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला ते बांधत. फळीवरच्या जलक्रीडांचा इतिहास मी याच लाकडापासून सांगतो, कारण सर्फिंगच्या इतिहासातली सर्वांत मानाची फळी पांगाऱ्याच्याच कुळातल्या झाडाची होती.

धरणं होण्याआधी खानदेशातली पोरं विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात पोहायला शिकत. आमच्या आप्पांची विहीर मोटेची होती. थारोळ्याजवळ उभे राहून ते पोराच्या कमरेची दोरी हातात धरत आणि ओरडत, ‘पानी तुले धरी ठेवस, तू फक्त पाय हालाव!’ पोराचा पाय पाण्यात बसला की ते ओंडका थोडा तासून लहान करत. पुढच्या खेपेला आणखी तासत. शेवटी पाठीवर नावापुरती चिपळी राही, आणि पोर तिच्याशिवायच तरंगतंय हे एके दिवशी सगळ्यांच्या लक्षात येई. ज्याच्याकडे पांगारा नसे तो वाळलेला भोपळा बांधी, नाहीतर तेलाचा रिकामा डबा.

चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. घड उतरवल्यावर कापलेले खांब बांधावर पडून असत. तीन-चार खांब शेजारी ठेवून त्यांतून बांबूच्या खुंट्या आरपार ठोकल्या की तराफा तयार. त्यावर आम्ही आधी पालथे पडून हातांनी पाणी मागे लोटायचो, मग गुडघ्यांवर बसायचो आणि शेवटी उभं राहून बघायचो. पुढे क्रीडाशिक्षक झाल्यावर सर्फिंगबद्दल वाचलं, तेव्हा त्यातही हाच क्रम सापडला.

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतल्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ साली हवाई बेटांवरच्या केआलाकेकुआ उपसागरात लोकांना फळ्यांवरून लाटा चढताना पाहिलं आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. तिथे हा खेळ तेव्हाच जुना होता. सामान्य माणसं ‘आलाया’ नावाची पातळ फळी वापरत. ती कोआच्या नाहीतर फणसाच्या नात्यातल्या ब्रेडफ्रूटच्या लाकडाची असे. ‘ओलो’ ही लांब, जाड फळी सरदारांची. ती विलिविलीच्या लाकडातून घडवत. विलिविली आणि आपला पांगारा या दोन्ही झाडांची शास्त्रीय प्रजाती (जीनस) एकच, इरिथ्रिना. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आबनर पाकी या सरदाराच्या फळ्या जपून ठेवल्या आहेत, प्रत्येक सुमारे १६ फूट लांबीची. फळीसाठी झाड तोडण्याआधी हवाईचा कारागीर झाडाच्या बुंध्याशी लाल मासा अर्पण करी. सातपुड्यापासून इतक्या दूर, अफाट समुद्रापलीकडे, कुणीतरी याच प्रजातीचं लाकूड हातात तोलून पाहिलं आणि हे माणसाला पाण्यावर धरून ठेवील असं ठरवलं. हे वाचलं त्या दिवशी मला आप्पांचा फार अभिमान वाटला.

पुढे हवाईवर वाईट दिवस आले. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मेली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना असले खेळ पसंत नव्हते. फळ्या कमी होत गेल्या, पण विद्या बुडाली नाही. १८८५ साली शिकायला अमेरिकेत गेलेल्या हवाईच्या तीन राजपुत्रांनी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे, नदीच्या मुखाशी, रेडवूडच्या फळ्यांवर लाटा चढून दाखवल्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला ड्यूक कहानामोकू १९१४ च्या अखेरीस सिडनीला गेला. तिथे पाइनच्या लाकडाची फळी त्याने स्वतः घडवली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग दाखवलं. हा खेळ जगभर नेणारा माणूस मुळात पट्टीचा पोहणारा होता, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

खानदेशाला समुद्र नाही. तापी समुद्राला मिळते ती सुरतेपलीकडे. म्हणून हे खेळ आपले नव्हेत, असं लोक म्हणतात. पण यांतले काही गोड्या पाण्यातच जन्मले. मिसिसिपी नदी जिथे रुंदावते त्या पेपिन सरोवरात १९२२ साली राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने पाइनच्या दोन फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली आणि मोटारबोटीमागे उभं राहून वॉटर स्कीइंग सुरू केलं. बोटीमागे एकाच फळीवर आडवं उभं राहायचं वेकबोर्डिंग बरंच नंतर आलं. १९६४ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात, समुद्रापासून दूर, न्यूमन डार्बीने फळीवर हाताने धरायचं शीड उभं केलं. त्यातून पुढे विंडसर्फिंग घडलं आणि १९८४ साली ऑलिम्पिकमध्ये पोहोचलं. खुद्द सर्फिंगला ऑलिम्पिकचं दार उघडलं ते टोकियोत, २०२१ साली.

मधल्या काळात फळीचं वजन उतरत गेलं. टॉम ब्लेकने १९३० च्या सुमारास ती आतून पोकळ केली. मग बाल्सा हे हलकं लाकूड आलं, १९५० च्या दशकाअखेर पॉलियुरेथेनचा फोम आला आणि त्यानंतर पॉलिस्टायरीन, म्हणजे आपलं थर्माकोल. पूर्वी खांद्यावरून न्यायलाही जड जाणारी वस्तू आता शाळकरी मुलगी काखेत धरून नेते.

इकडे आपल्या नद्याही बदलल्या. गिरणा धरण १९६९ मध्ये झालं, खाली उकाई १९७२ मध्ये. भुसावळजवळ हतनूरचं ४१ दरवाजांचं धरण १९८२ मध्ये पुरं झालं. पुढे शिंदखेडा तालुक्यात सुलवाड्याचा बॅरेज आला. वाहती तापी जागोजागी रुंद, संथ झाली. या पाण्यावर भल्या सकाळी जाऊन बघा. मासेमार थर्माकोलचे जाड तुकडे जुन्या जाळ्यात गच्च गुंडाळून त्यांचा तराफा करतो. त्यावर मांडी घालून बसतो आणि दोन्ही हातांत लाकडाच्या छोट्या फळकुट्या घेऊन आळीपाळीने पाणी मारत जाळ्यापाशी पोहोचतो. जाळं ओढताना तोल एका बाजूला गेला तर गुडघा किंचित सरकवून सावरतो. महागड्या फळीवर शिकवणारा प्रशिक्षक याहून वेगळं काही सांगत नाही.

संथ पाण्याला सर्वांत साजेसा खेळ म्हणजे स्टँड-अप पॅडल. रुंद फळी, एक लांब वल्हं. सुरुवात गुडघ्यांवर. मग पाय खांद्यांइतके फाकवून फळीच्या मधोमध उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि नजर पायांकडे न ठेवता समोर क्षितिजावर ठेवायची. फळी दोरीने माणसाला जोडलेली असते, म्हणजे पडलं तरी ती दूर जात नाही. कर्नाटकातल्या मुल्की इथे २००४ साली भारतातला पहिला सर्फ क्लब सुरू झाला, २०११ साली राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांची मुलं आज त्यात नाव काढताहेत. तापीकाठच्या भोई-कोळ्यांच्या मुलांच्या अंगात हीच विद्या आहे.

मात्र फळी येण्याआधी पोहणं परत यायला हवं. मोटा गेल्या, बोअर आल्या, विहिरी आटल्या आणि विहिरीवरची ती शाळा बंद पडली. आज माझ्या गावातली निम्मी पोरं पाण्यात पाय मारू शकत नाहीत. तीच पोरं सुट्टीत धरणावर जाऊन सेल्फीसाठी खोल पाण्यात उतरतात, आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी आकांत होतो. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात पोहण्याची एक जागा असावी आणि पाचवी-सहावीतल्या प्रत्येक मुलामुलीला तिथे पोहता यावं. त्यानंतर जलसंपदा विभागाच्या परवानगीने, दरवाजांपासून लांब, लाइफ जॅकेट घालून फळ्या पाण्यात उतराव्यात. हतनूरला हिवाळी पक्ष्यांचे महिने सोडून. शिकवायला आधी त्या मासेमारांनाच बोलवावं आणि त्याचं रीतसर मानधन द्यावं, कारण या पाण्याचा तोल त्यांच्याइतका आज कुणालाच ठाऊक नाही.