चार डिस्क, एक कोठार आणि ओसाकाच्या पावत्या

मुलांचे फोटो, आजी-आजोबांचे व्हिडिओ चार-पाच हार्ड डिस्कवर विखुरलेले, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचं चित्र. त्या डिस्क जोडून एकच, हवी तेव्हा वाढवता येणारी जागा करता येते. तिला 'पूल' म्हणतात. मी पेशाने सीए, त्यामुळे फायद्याआधी जोखीम बघते. म्हणून हा थोडा इतिहास.

१९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलं, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्क एकत्र वापरा. हेच 'रेड'. पण हिशोबही त्यांनीच दिला: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कपैकी पहिली सरासरी ३०० तासांतच जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून जादा डिस्क ठेवायच्या, म्हणजे एक गेली तरी तिच्यावरची माहिती परत मिळते.

पुढे २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने 'झेडएफएस' खुलं केलं: सगळ्या डिस्क एका पुलात, ज्याला लागेल तशी त्याने जागा घ्यायची. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'स्टोरेज स्पेसेस' आलं. त्यात तर प्रत्यक्षात ४ टीबी असताना १० टीबी जाहीर करता येतात. डिस्क नंतर घाला!

आमच्या ओसाकाला हे नवीन नाही. इथल्या दोजिमा बाजाराला १७३० मध्ये शोगुनच्या सरकारची मान्यता मिळाली. तिथे सरदारांच्या कोठारांतल्या तांदळाच्या पावत्या विकल्या जात. पावती ठरावीक पोत्याची नव्हे, साठ्यातल्या हिश्श्याची. मग काही कोठारांनी तांदूळ नसतानाच पावत्या फाडल्या. शेवटी १७६१ मध्ये सरकारला अशा पोकळ पावत्यांवर बंदी घालावी लागली.

तेव्हा पूल करताना दोन गोष्टी विचारा. एक, मागे खरी डिस्क किती आहे? दोन, एक डिस्क गेली तर काय उरेल? नुसत्या जोडलेल्या डिस्कपैकी एक बिघडली, तरी सगळा पूल जाऊ शकतो. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर ठेवली, तर ४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन वापरायला ४ टीबीच मिळतात. तो खर्च समजा, पण करा.

आणि तरीही पूल म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला फोटो दोन्हीकडून जातो. जून २०१८ सारखा भूकंप झाला, तर सगळ्या डिस्क एकाच कपाटात. आजीच्या आवाजाची एक प्रत घराबाहेर हवीच: पुण्याला भावाकडे ठेवा, नाहीतर क्लाउडवर.