दार कुणी उघडले?

व्हिडिओ गेममध्ये कसली आली आहे कथा, असे मला अनेकदा विचारले जाते. मी १९८३ सालच्या 'प्लॅनेटफॉल'चे उदाहरण देतो. अमेरिकेतील इन्फोकॉम कंपनीसाठी स्टीव्ह मेरेट्स्की यांनी लिहिलेल्या या खेळात एकही चित्र नव्हते. पडद्यावर नुसता मजकूर. त्यातला फ्लॉइड हा बालिश, बडबड्या यंत्रमानव खेळणाऱ्याचा सोबती. पुढे तो जीवघेण्या प्रयोगशाळेत आपणहून शिरतो, हवे ते कार्ड आणतो आणि प्राण सोडतो. अनेक खेळाडू तेव्हा रडले. कादंबरीत, चित्रपटात आपण पात्राचे मरण नुसते पाहतो. इथे दार उघडण्याची आज्ञा आपणच टाइप केलेली असते. भाषेच्या कसात कादंबरी सरस असेलही. पण ही टोचणी, मला वाटते, खेळच देऊ शकतो.