सर वॉल्टर मॅनी : परक्या राजाचा शिलेदार

ज्युबिलीच्या दिवसांत देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, याची आठवण काढण्याचा प्रघात आहे. दफनभूमीची जागा कोणीं घेऊन दिली, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून आम्ही येथें अशा एका शिलेदाराची हकीकत सांगतों, कीं ज्यानें परक्या राजाच्या पदरीं राहून तरवारीवर पैसा मिळविला, आणि त्यांतील कांहीं परक्यांच्याच कबरांसाठीं खर्च केला.

वॉल्टर मॅनी हा जन्मानें इंग्रज नव्हे. त्याचें गांव आज फ्रान्सच्या उत्तर भागांत आहे. त्या काळीं तें एनो प्रांतांत मोडत असे. एनोच्या काउंटाची कन्या फिलिपा हिचा विवाह इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्याशीं १३२८ सालीं यॉर्क येथें झाला. तिच्या परिवारांत, भोजनाच्या वेळीं मांस कापून वाढण्याच्या कामावर, हा तरुण होता. बरोबर आलेले बहुतेक लोक माघारीं गेले, मॅनी राहिला. १३३१ सालीं राजानें त्यास नाइट केलें.

पुढें स्कॉटलंड, ब्रिटनी, गॅस्कनी, जेथें राजाचें निशाण तेथें मॅनी. १३३७ च्या नोव्हेंबरांत त्यानें फ्लँडर्सच्या किनाऱ्यावरील कॅडझंड बेटावर छापा घातला. बेट लुटलें, जाळलें. फ्लँडर्सच्या काउंटाचा सावत्र भाऊ गी हातीं लागला. या कैद्यांवरील हक्क राजानें मॅनीकडून ८,००० पौंडांस घेतला. शौर्याच्या कथा वाचतांना हा हिशेबही वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

त्याचें नांव लोकांस ठाऊक आहे तें कॅलेच्या वेढ्यामुळें. अकरा महिने उपाशी राहून १३४७ च्या ऑगस्टांत तें शहर शरण आलें. बखरकार फ्रॉयसार्ट सांगतो कीं, सर्वांचे प्राण आपल्या मर्जीवर असावेत, असा राजाचा हट्ट होता. तेव्हां मॅनीनेंच त्यास अडविलें : आज आपण असें वागलों, तर उद्यां आपले किल्ले राखणाऱ्यांवर हाच प्रसंग येईल, आणि मग अशा कामगिरीवर कोण खुशीनें जाईल? राजा नरमला, पण गळ्यांत दोर घातलेले सहा नागरिक त्यानें मागितलेच. त्यांच्यासाठीं मॅनीनें पुन्हां रदबदली केली. ती व्यर्थ गेली. अखेर राणी फिलिपा गुडघे टेकून रडली, तेव्हां ते सहाजण वांचले. फ्रॉयसार्टही एनोचाच, शिवाय राणीच्या आश्रयांतला. आपल्या मुलखाच्या माणसाचें कौतुक त्यानें थोडें सढळ हातानें केलें असेल, असें आम्हांस वाटतें. तथापि मॅनीच्या तोंडीं घातलेला युक्तिवाद दयेचा नसून शिपाईगिरीच्या अनुभवाचा आहे, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

दुसऱ्याच वर्षीं काळ्या मरीनें लंडन गांठलें. चर्चच्या आवारांत प्रेतांस जागा पुरेना. मॅनीनें शहराच्या तटाबाहेर, संत बार्थोलोम्यूच्या इस्पितळाची तेरा एकर जमीन घेतली आणि ती दफनासाठीं दिली. २५ मार्च १३४९ रोजीं, देवदूतानें मरियेस संदेश दिल्याच्या सणाच्या दिवशीं, तेथें प्रार्थनामंदिराचा आरंभ झाला. तेथें ५०,००० प्रेतें पुरलीं, असें जुने लोक लिहीत. अभ्यासकांस हा आकडा फुगलेला वाटतो. पण २०१३ सालीं रेल्वेच्या कामासाठीं खणतांना तेथें पंचवीस सांगाडे निघाले, आणि कांहींच्या दांतांत प्लेगच्या जंतूंच्या खुणा सांपडल्या.

१३७१ सालीं त्याच जागीं मॅनीनें कार्थूसियन मठवाशांचा मठ स्थापिला. लंडनचे महागुरु मायकेल नॉर्थबर्ग यांनीं त्यासाठीं मोठी रक्कम ठेविली होती. ते स्वतः १३६१ सालीं मरण पावले. याच मठाचे प्रमुख जॉन हॉटन यांनीं, ख्रिस्तसभेवर राजाचें प्रमुखत्व मानण्यास नकार दिल्यामुळें, ४ मे १५३५ रोजीं टायबर्न येथें मरण पत्करलें.

मॅनी १३७२ च्या जानेवारींत वारला. आपलें दफन थाटमाट न करितां व्हावें आणि त्या वेळीं येणाऱ्या प्रत्येक गरिबास एक पेनी द्यावी, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहिलें होतें. दफनास मात्र राजा स्वतः हजर राहिला.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, मठाच्या जुन्या इमारतींवर बाँब पडले. १९४७ सालीं तेथें उत्खनन झालें, तेव्हां वेदीच्या जागेपुढें शिशाची शवपेटी सांपडली. आंत अस्थींबरोबर परमगुरु सहावे क्लेमेंट यांची शिशाची मुद्रा होती. अंतकाळीं आपल्या पसंतीच्या धर्मगुरूकडून पूर्ण पापमोचन घेण्याची परवानगी त्यांनीं मॅनीस १३५१ सालीं दिली होती. ती त्यानें वीस वर्षें जपून ठेविली आणि बरोबर नेली.