मुक्ताचा निबंध आणि आमची वही

भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातील हायस्कुलात मी आठवीत असताना ‘माझी आई’ या विषयावर निबंध आला. फळ्यावरची आई पहाटे सडा घालीत होती, तुळशीला पाणी घालीत होती. माझी माय सुपात तंबाखू घेऊन विड्या वळीत होती आणि रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेली असे. मी तेच लिहिले. बाद झालेल्या विड्यांचे पैसे कापले जातात, हेही लिहिले. वही परत आली ती पानभर लाल रेघ घेऊन. खाली शेरा होता : ‘फळ्यावरचे उतरवा.’

आज मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. माझ्यापुढे येणाऱ्या मुलांच्या वह्यांतून आजही फळ्यावरचीच आई असते. म्हणून मुक्ता साळवेकडे मला पुन्हा पुन्हा जावे लागते.

पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेतील ही चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. त्यात ती रडत बसत नाही, वाद घालते. वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात ना? मग आम्हांला ग्रंथच नाही, म्हणजे धर्मही नाही, असा निष्कर्ष ती काढते आणि आमचा धर्म कोणता, असे थेट देवालाच विचारते. प्रतिपक्षाचेच विधान उचलून त्याच्यावर उलटविणे हे कोणत्याही ‘निबंधमाले’तून येत नाही. पेशवाई बुडून ३७ वर्षे झाली होती. तिने ती पाहिलेली नव्हती. तरी तालीमखान्यापुढून जाणाऱ्या अस्पृश्याच्या मस्तकाचा चेंडू होत असे, ही हकीकत ती पुरावा म्हणून मांडते. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हालही तिने लिहिले. असा विषय त्या काळच्या छापील मराठीत किती लेखकांना सुचला होता?

आमच्या शाळा कल्पकतेच्या विरोधात आहेत, असे मी म्हणणार नाही. त्या ‘सूर्य उगवला नाही तर’ असा विषय देतात. फाटक्या छत्रीला आत्मकथा सांगायला लावतात. छत्रीच नसलेल्या पोराला मात्र कोणी बोलते करीत नाही.

मागच्या वर्षी मुक्ताचा निबंध वर्गात वाचला आणि ‘आता तुम्ही लिहा’ म्हटले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, घरचं खरं लिहिलं तर परीक्षेत चालते का?” मी होय म्हणालो. पेपर मात्र मी तपासणार नव्हतो.